अभिजात कादंबऱ्या किशोरांना द्याव्यात का?

वाचनखूण:
चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' द्यायची तर अख्खी द्या, संक्षिप्त नको. संक्षेप करणारे घटना राखतात आणि मोठेपणी आपली गोष्ट सांगणाऱ्या नायकाची, पिपची, लाज कापतात. अज्ञात दात्याच्या पैशावर तो लंडनला 'सभ्य गृहस्थ' व्हायला जातो. २७वं प्रकरण बघा. ज्याने पिपला लहानपणी सांभाळलं तो लोहार, जो गार्जरी, लंडनला भेटायला येतो. शेकोटीवरच्या फळीवर ठेवलेली त्याची हॅट सारखी खाली पडते, आणि बोलता बोलता तो पिपला 'सर' म्हणतो. कथानक इथे फारसं पुढे सरकत नाही, म्हणून कात्री पहिली इथेच लागते. पण पैसे मोजून त्याचं येणं टाळता आलं असतं तर मोजले असते, ही पिपची कबुली याच प्रकरणात आहे. मोठेपणी स्वतःकडे असं उघड्या डोळ्यांनी बघणं मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार?

कानामात्रा:
असहमत. ही कादंबरी मुलांसाठी लिहिलेलीच नव्हती. 'द कॅचर इन द राय' (१९५१) हीसुद्धा मोठ्यांसाठीच. नायक किशोर म्हणून वाचकही किशोर, हा हिशेब चुकीचा आहे. ५९ प्रकरणं एका सुट्टीत संपवायला लावली की मूल मध्येच पुस्तक मिटतं, आणि मग 'अभिजात' या शब्दाचाच धसका घेतं.

उभा छेद:
चूक पुस्तकाची नाही, वेगाची आहे. डिकन्सने ती साप्ताहिकात ३६ हप्त्यांत दिली होती, डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१. आठवड्याला दोन प्रकरणं पुरेत. पहिलं मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे लांब वाक्यांची लय कानात बसते. १९व्या प्रकरणाशी पिप गाव सोडतो, तिथे खुशाल महिनाभर थांबा. आणि प्रस्तावना शेवटी वाचू द्या. पिपला पैसा कोण पुरवतो हे अनेक प्रस्तावना आधीच फोडतात.

कानामात्रा:
वेगाचं पटलं, वयाचं नाही. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'चं ३१वं प्रकरण घ्या; गोष्ट हक हा मुलगाच सांगतो. पळून आलेला गुलाम जिम याचा ठावठिकाणा मालकिणीला कळवणारं पत्र हक फाडतो, आणि आपण पाप केलं, आता नरकात जाणार, असं मनापासून मानतो. त्याचा विवेक बरोबर आहे आणि त्याला शिकवलेली नीती चूक, हे वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचं असतं. दहा-अकराव्या वर्षी बरीच मुलं निवेदकाचा शब्द जसाच्या तसा खरा धरतात.

वाचनखूण:
म्हणून तर तेरा-चौदाच्या आधी नकोच. आणि त्या पानावर एकच प्रश्न विचारा: हक स्वतःबद्दल जे म्हणतो ते तुला पटतं का? उत्तर लगेच आलं नाही तर पुढची प्रकरणं वाचू द्या, अर्थ सांगून टाकू नका.