हरित सरकारी इमारतींची कामे लहान कंत्राटदाराला मिळतील का?

प्रश्न (न्यू जर्सी, एप्रिल २००९): फेब्रुवारीत संमत झालेल्या अमेरिकी पुनरुत्थान कायद्यात (मंदीतून अर्थव्यवस्था सावरण्यासाठीच्या) संघराज्याच्या इमारतींसाठी सुमारे ५.५ अब्ज डॉलर असून त्यांतील ४.५ अब्ज त्या ऊर्जाबचतीच्या व पर्यावरणपूरक करण्यासाठी आहेत. माझ्याकडे वायरिंगची सात माणसे आहेत आणि घरबांधणी थंडावल्यापासून पुरेसे काम नाही. आम्ही थेट निविदा भरावी का?

उत्तर १: मुख्य कंत्राटाचा हट्ट धरू नका. पोर्टलंडच्या १८ मजली एडिथ ग्रीन-वेंडेल वायट इमारतीचे नूतनीकरण मोठी कंपनीच पेलू शकते; मात्र अशा कंपनीला लहान व्यवसायांना उपकंत्राटे देण्याची योजना सादर करावी लागते, आणि तुमची खरी संधी तिथेच आहे. पाच अब्ज डॉलरची कंत्राटे ३० सप्टेंबर २०१० पर्यंत देऊन टाकायची असल्यामुळे नोंदणी लांबवू नका.

उत्तर २: कागदपत्रे मात्र जपा, ही कळकळीची विनंती. सरकारी बांधकामावरील किमान मजुरी ठरवणाऱ्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार प्रत्येक कामगाराचे तास, कामाचा प्रकार, दर आणि कपात दर आठवड्याला प्रमाणित करून द्यावी लागते. पूर्वीच्या एका सरकारी कामात आमच्याकडून एका मदतनिसाच्या कामाचा प्रकार चुकीचा लिहिला गेला, बिल दीड महिना अडकले आणि पगार मला घरच्या बचतीतून द्यावे लागले.

प्रश्नकर्ता: आपले मनःपूर्वक आभार. मुख्य कंत्राटदाराने काम पूर्ण करण्याचे हमीपत्र मागितले तर काय करावे?

उत्तर १: लघुउद्योग प्रशासनाच्या अशा हमीपत्रांसाठीच्या योजनेची मर्यादा याच कायद्याने २० लाखांवरून ५० लाख डॉलर केली आहे; तिथे अर्ज करा.