पुरात बुडालेला सुरू ऊस : ठेवावा की काढावा? मदत हवी आहे

शिरोळ तालुका, कृष्णाकाठची भारी काळी जमीन, २ एकर को ८६०३२ जातीचा ऊस. जानेवारीची म्हणजे सुरू लागण, म्हणजे ऊस आता ७ महिन्यांचा. पुराचं पाणी ६ दिवस होतं, त्यातले ३ दिवस शेंडे पूर्ण बुडालेले. पाणी उतरून १२ दिवस झाले.

सखल भागातल्या साधारण अर्ध्या उसाचा पोंगा (शेंड्यातली न उघडलेली पानं) ओढला की हातात येतो, घाण वास येतो आणि कांड्यांवरचे डोळे फुटलेत. उरलेल्या उसाचा पोंगा पांढरा, घट्ट आहे. खालची पानं पिवळी पडलीत, कांड्यांना पांढऱ्या मुळ्या आल्यात, पण दोन नवी पानं निघालीत. तीच बघून जीव अडकलाय.

चर काढून पाणी बाहेर घातलं. पानांवर गाळ बसला की ती ऊन आणि हवेतला कार्बन घेणार कुठून, म्हणून पंपाने साध्या पाण्याने धुतली. नंतर कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारलं. युरिया अजून टाकलेला नाही, कारण वापसा (मशागतीजोगी ओल) नाही आणि चिखलात नत्र वायू होऊन उडून जातं. ट्रॅक्टर आत जात नाही. पंचनामा झालाय, त्यामुळे भरपाईबद्दल विचारत नाही.

जिवंत शेंड्याच्या उसाला वापसा येईपर्यंत फवारणीतून अन्न द्यावं का, आणि कोणतं? शेंडा कुजलेला ऊस पांगशांवर (डोळ्यांतून फुटलेल्या बाजूच्या कोंबांवर) तोडणीपर्यंत वजन धरतो, की आत्ताच काढून ऑक्टोबरात हरभरा पेरलेला बरा? अशा उसाचं शेवटी टनेज किती पडलं, हे स्वतः अनुभवलेल्या कुणी सांगाल का?