हेसमन-एल्स्टन अजून शिकवायचं कशाला?

आकडेमोड
आमच्याकडे एमएस्सी संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम बदलतोय. भावंडजोड्यांवरून लिंकेज (जनुक आणि त्याच्या जवळची खूण वारशात सोबत जाणं) शोधण्याचा भाग काढून टाका, असं बैठकीत म्हणालो, तर एक ज्येष्ठ बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणून इथे विचारतो.

हेसमन आणि एल्स्टन यांची १९७२ ची ही युक्ती देखणी आहे, मान्य. दोन भावंडांच्या उंचीतला फरक काढा, त्याचा वर्ग करा. एखाद्या मार्करपाशी (गुणसूत्रावरच्या ओळखीच्या जागेपाशी) आईबापांकडून आलेली त्या जागेची तीच रूपं, म्हणजे अ‍ॅलील दोघांत किती आहेत ते बघा: शून्य, एक की दोन. आसपास उंचीचं जनुक असेल, तर ही सामायिक वाटणी वाढेल तसा फरक घटतो आणि रिग्रेशनचा उतार ऋण येतो. पण मोठा परिणाम लांबून दिसतोय की छोटा परिणाम शेजारून, हे त्या उतारावरून कळत नाही. दोन्ही एकाच गुणाकारात अडकलेत. आणि ताकद? रिश आणि मेरिकांगस यांनी १९९६ मध्येच हिशेब मांडला. धोका दीडपट करणारं, दहा टक्के वारंवारतेचं अ‍ॅलील पकडायला बाधित भावंडांच्या ६७ हजारांवर जोड्या लागतात. असोसिएशनला (अ‍ॅलील आणि रोग लोकांमध्ये थेट सोबत दिसतात का, ते बघण्याला) त्याचा लहानसा अंश पुरतो. मढं कशाला उकरायचं?

गुणसूत्री
त्याच १९९६ मध्ये क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्ण-कुटुंबांवरून सोळाव्या गुणसूत्रावरची जागा सापडली आणि २००१ मध्ये तिथेच नॉड-२ जनुक हाती लागलं. ते कसं विसरलात? दीडपट हे तुम्ही निवडलेलं उदाहरण. परिणाम दणकट असेल तर लिंकेज चालतं.

आणि शिकवायला याहून सोपं काय? लिंकेज नसेल तर बाधित जोड्यांत शून्य, एक, दोन अशी वाटणी पाव, अर्धी, पाव या प्रमाणात अपेक्षित. दोन्ही सामायिक असलेल्या जोड्या जास्त निघाल्या की संशय. रोगाचं मॉडेल नको, काय-वर्ग चाचणी येणाऱ्या पोराला अर्ध्या तासात कळतं. शिवाय पद्धत कशी दुरुस्त होते तेही दिसतं. फरकाचा वर्ग घेताना भावंडांच्या बेरजेतली माहिती वाया जाते, हे राइटने १९९७ मध्ये दाखवलं. २००० मध्ये एल्स्टन आणि सहकारी दोन्ही भावंडांच्या मापांतून सरासरी वजा करून त्यांच्या गुणाकारावर आले.

आकडेमोड
एक नॉड-२ किती वर्षं मिरवायचं? स्किझोफ्रेनियासाठी केलेले गुणसूत्रांचे लिंकेज-स्कॅन आठवा. एकाचं शिखर दुसऱ्याच्या दरीत. लँडर आणि क्रुग्लियाक यांना १९९५ मध्ये भावंडजोड्यांसाठी लॉडचा (लिंकेजच्या पुराव्याच्या मापाचा) उंबरा ३.६ वर न्यावा लागला, तो उगाच नाही.

तिसरी_घंटा
दोघेही जनुक शोधण्यापाशीच अडलात. भावंडांत जीनोमचा (सगळ्या जनुकीय साठ्याचा) सरासरी निम्मा वाटा सामायिक असतो. प्रत्यक्षात तो साधारण ३७ ते ६२ टक्के हलतो.   व्हिशर या जनुकशास्त्रज्ञाच्या गटाने २००६ मध्ये ही हालचाल वापरून ३,३७५ जोड्यांवरून उंचीची आनुवंशिकता ०.८० काढली. घर एकच, त्यामुळे वातावरणाचा गोंधळ कमी. तर्क हेसमन-एल्स्टनचाच, फक्त मार्करऐवजी अख्खा जीनोम.

आकडेमोड
आणि विश्वासांतर ०.४६ ते ०.८५. एवढ्या रुंद दारातून हत्तीसुद्धा जाईल.

तिसरी_घंटा
जाऊ दे की. दार योग्य भिंतीत आहे. २०२२ मध्ये पावणेदोन लाखांहून जास्त भावंडांवर तुमचीच असोसिएशन घराच्या आत तपासली, तर शिक्षणाच्या बाबतीत परिणाम बराच आक्रसला. अनोळखी लोकांच्या तुलनेत जे मोजलं, त्यात आईबापांचं घर आणि समाजरचनाही मिसळलेली होती.

नमुनेवाली
मी प्रत्यक्ष रक्ताचे नमुने गोळा करते, म्हणून मध्ये तोंड घालते. आपल्याकडे आईबाप बऱ्याचदा हाती लागत नाहीत. मग अ‍ॅलील दिसायला सारखं आहे की खरंच एकाच पूर्वजाकडून आलंय, हे वारंवारतेवरून अंदाजायचं. ती वारंवारता युरोपच्या तक्त्यातून उचलली आणि आपल्या जातीत ते अ‍ॅलील नेहमीचं निघालं, तर नसलेलं लिंकेज दिसतं. त्यात मामेबहिणीशी लग्नं! आईबापच नात्यातले, मग ते पाव-अर्धं-पाव कुठून टिकणार? ही चूक सॉफ्टवेअर ओरडून सांगत नाही, हो. विद्यार्थ्यांनी ती एकदा हाताने करून बघावी, एवढ्यासाठी तरी ठेवा.

आकडेमोड
हा मुद्दा बैठकीत कुणी काढला नव्हता. दोन तासिका देतो, त्याही नमुनेवालींनी म्हटलेल्या चुकीसाठी. उताराचं सूत्र पाठ करायला मात्र लावणार नाही.

गुणसूत्री
दोनात आयबीडीचा (एकाच पूर्वजाकडून आलेल्या सामायिक वाट्याचा) तक्तासुद्धा पुरा होत नाही. चार द्या.