रद्दीच्या कागदाचे आणि जुन्या तारेचे दागिने पावसाळ्यात टिकावेत म्हणून काय करावे?

कोपरीकर

नमस्कार. ठाणे पूर्वेच्या आमच्या सोसायटीतील आम्ही काही जणी जुन्या मासिकांच्या कागदाचे मणी, विरलेल्या साड्यांचे काठ, सुटी बटणे आणि करवंट्या यांपासून कानातली व माळा करतो. घरातल्यांसाठी करत होतो तोवर काही अडले नाही. आता मात्र दिवाळीपूर्वीच्या एका प्रदर्शनात टेबल घ्यायचे ठरले आहे आणि त्यामुळे दोन शंका पुढे आल्या आहेत. फेव्हिकॉलने चिकटवून वर पारदर्शक नेलपॉलिश लावलेले मणी पावसाळ्यात चिकट होतात, काहींवर पांढुरकी साय धरते. शिवाय बाजारातून डझनाच्या भावाने आणलेल्या हुकांमुळे दोघींच्या कानांना खाज सुटली. दोन्हींवर कमी खर्चातला उपाय कोणता?

नौपाडेकर

ताई, दोष कागदाचा नाही, त्यावरच्या लेपाचा आहे. पांढरा फेव्हिकॉल सुकल्यानंतरही दमट हवेत ओलावा धरून मऊ पडतो, त्यामुळे तो फक्त आतल्या गुंडाळीपुरता ठेवावा आणि बाहेरच्या थरासाठी वापरू नये. नेलपॉलिशमधील द्रावक फार लवकर उडून जातो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतील बाष्प ओल्या थरावर जमते. तुम्ही म्हणता ती पांढुरकी साय हीच. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती धरली नाही तरच नवल. लाकडाला लावतात ते पॉलियुरेथेनचे पारदर्शक वॉर्निश यासाठी अधिक भरवशाचे आहे. जांभळी नाक्याच्या बाजूच्या रंगांच्या दुकानांत त्याचा लहान डबा मिळावा. एकच जाड हात देण्याऐवजी तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा आणि मुसळधार पावसाच्या दिवशी हे काम काढूच नये. मणी दातकोरणीवर ओवून थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून ठेवले म्हणजे भोकही बुजत नाही. तयार माल झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, ज्या आपण सर्रास फेकून देतो, त्या डब्यात टाकाव्यात.

कागदाविषयी एक सांगतो. गुळगुळीत मासिकाचा कागद घट्ट गुंडाळला जातो, वर्तमानपत्राचा मात्र लवकर पिवळा पडतो. पट्टी लांबट त्रिकोणी कापावी: त्रिकोणाचा पाया जितका रुंद तितका मणी लांब, आणि पट्टी जितकी लांब तितका तो पोटात फुगीर. ए-४ कागदाच्या उभ्या लांबीची, दीड सेंटिमीटर पायाची पट्टी घेतली तर बोरमाळेच्या मण्याजवळ जाणारा आकार मिळतो. एका माळेचे सगळे मणी एकाच मापाच्या पट्ट्यांचे असावेत; माळ ओबडधोबड दिसते ती बहुधा इथेच चुकल्यामुळे.

नेरूळवासी

हुकांबाबत मात्र काटकसर करू नका, एवढे आग्रहाने सांगतो. स्वस्त हुक पितळेचे किंवा लोखंडाचे असतात आणि चकाकीखाली बहुधा निकेलचा थर असतो. घामाने वरचा मुलामा गेला की निकेल त्वचेला लागते आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांचे कान चिघळतात. युरोपीय संघात टोचलेल्या कानात जाणाऱ्या भागातून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटू देत नाहीत, यावरून हा प्रश्न किती गंभीर मानला जातो ते कळेल. ३१६एल प्रतीच्या पोलादाचे हुक घ्यावेत. त्यातही निकेल असते, पण ते मिश्रधातूत बांधलेले राहते आणि फारच थोडे सुटते. ज्यांना तेही सोसत नाही त्यांच्यासाठी सराफाकडून ९२५ चांदीची तार आणून हुक वळावेत.

उरलेल्या सांगाड्यासाठी तार विकत घेण्याची गरजच नाही. जुन्या इमारतींचे पुनर्बांधकाम निघाले की भिंतींतील वायरिंग भंगारात जाते, आणि इलेक्ट्रिशियन ज्याला ‘तीन-बावीस’ म्हणतात त्या वायरीत सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीच्या तीन तांब्याच्या तारा असतात. कड्या आणि वेटोळी करण्यासाठी ही जाडी अगदी सोयीची आहे. वरचे आवरण ब्लेडने सोलावे, जाळून काढू नये, कारण ते पीव्हीसीचे असते आणि त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असते. तांबे काळवंडले तर चिंच-मीठ आहेच. फक्त ही तार कानाच्या भोकात घालू नये.

ऐरोलीची काकू

कानांचे झाले, मानेचे काय? माळेच्या मागे धातूचा फासा लावण्यापेक्षा पटवेकऱ्याकडून रेशमी दोरीत गाठवून सरकता गोंडा लावून घ्यावा. मानेला धातू लागत नाही, लांबी हवी तशी कमी-जास्त होते आणि माळ एकदम भारदस्त दिसते. कागदाच्या मण्यांना गोंडा शोभेल का, असे आमच्याकडे विचारले गेले होते. पण हलव्याच्या दागिन्यांत आपण साखरेचे दाणे आणि पुठ्ठा मिरवतोच की!

कोपरीकर

सर्वांचे मनापासून आभार. गोंड्याची कल्पना फार आवडली. करवंटीच्या डुलांवरही वॉर्निशच लावावे का? आणि पाण्याच्या बाटल्यांची फुले मेणबत्तीवर वळवली तर चालतील का?

नौपाडेकर

करवंटीला वॉर्निश नको. आतला खोबऱ्याचा पापुद्रा आणि बाहेरच्या शेंड्या पूर्ण खरवडाव्यात, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. मग जाड्यापासून बारीकपर्यंत पॉलिशपेपर मारून खोबरेल चोळले की काळसर तकाकी येते. घासताना नाकाला रुमाल बांधावा, कारण ती भुकटी अतिशय बारीक असते.

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असेल तर ते पीईटी आहे आणि ते ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, म्हणून पाकळी ज्योतीच्या वर, अंतर राखून फिरवावी. ज्योतीत धरल्यास ती काळी पडते. आकडा ३ असेल तर ते पीव्हीसी, त्याला आच लावूच नये. खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना दूर बसवा.