बिल्ट-इन ओव्हन: आरसीसीबी उडतो, पंखा थांबत नाही आणि तळ जळून काळा झालाय

ओटा_आणि_कपाट:
नमस्कार. उंच कपाटात बसवलेला, विजेवर चालणारा ६० सेंमीचा बिल्ट-इन ओव्हन आहे. पाटीवर ३.१ किलोवॅट, २३० व्होल्ट असं लिहिलंय. पायरोलिटिक सफाईची (अति उष्णतेने मळ जाळून राख करण्याची) सोय आहे. पाच-सहा महिने बंद होता, आता पुन्हा वापरायला काढलाय.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच घराचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) उडतो. एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा स्विच) जागच्या जागी असतो. आरसीसीबी वर करून पुन्हा लावलं की दुसऱ्या वेळी जरा जास्त वेळ चालतो. "ओव्हनच्या प्लगमधली अर्थिंगची वायर काढा, उडायचा थांबेल" असा सल्ला मिळालाय. तो बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे ओव्हन बंद केल्यावरही आतला पंखा वीसेक मिनिटं चालू राहतो. मेन स्विच बंद केला तर चालेल का?

तिसरं, तळावर सांडलेली साखर आणि तेल जळून घट्ट काळा थर झालाय, २०० अंशांवर धूर येतो. थेट पायरोलिटिक सफाई लावू का? आणि पुढे असं होऊ नये म्हणून तळाला फॉइल अंथरलं तर? दाराच्या दोन काचांच्या मध्येही तेलकट ओघळ दिसतात, तिथे हात पोहोचत नाही.

फेज_न्यूट्रल:
सगळ्यात आधी: अर्थिंग काढू नका. कुठल्याही परिस्थितीत नाही. ओव्हनचं पूर्ण अंग धातूचं आहे. आत्ता जो करंट गळतोय तो अर्थिंगमधून निघून जातोय आणि म्हणूनच आरसीसीबीला तो कळतोय. वायर काढली की गळती थांबत नाही. करंट ओव्हनच्या अंगावर तसाच उभा राहतो आणि दार उघडायला ओल्या हाताने हँडल धरणाऱ्या माणसातून वाट काढतो.

आता उडतो का ते बघू. ओव्हनचा एलिमेंट (तापणारा भाग) म्हणजे धातूची नळी, तिच्या मध्यातून जाणारी नायक्रोमची तार आणि दोन्हींच्या मध्ये दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उत्तम विद्युतरोधक आहे, पण हवेतली ओल शोषते. ओव्हन महिनोन्‌महिने थंड राहिला की नळीच्या टोकांच्या सीलमधून दमटपणा आत शिरतो, आणि तारेतून नळीकडे थोडा थोडा करंट गळायला लागतो. घरातला आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो आणि १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही उडू शकतो. त्याच आरसीसीबीवरच्या फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक यांची बारीकसारीक गळतीही त्यात मिळते, त्यामुळे ओव्हनची एकट्याची गळती फार नसली तरी पुरते.

"दुसऱ्या वेळी जास्त वेळ चालतो" हे तुमचं निरीक्षण ओल असल्याकडे बोट दाखवतं, कारण तापेल तसा एलिमेंट वाळतो. उलट, थंड असताना नीट चालून गरम झाल्यावरच दर वेळी उडत असेल तर नळीला चीर गेल्याची शक्यता जास्त. ती तापल्यावर उघडते, आणि असा एलिमेंट वाळवून सुधारत नाही.

कुठला एलिमेंट ते शोधणं सोपं आहे. ओव्हन रिकामा ठेवून एकेक फंक्शन वेगळं लावा: फक्त वरचा, फक्त खालचा, ग्रिल, आणि पंख्याभोवतीच्या गोल एलिमेंटचं फंक्शन. ज्याला उडतो तो दोषी. मग जे फंक्शन उडत नाही त्यावर १०० ते १२० अंशांवर दीड-दोन तास ओव्हन चालवा. म्हणजे ओल्या एलिमेंटला वीज न देता तो बाहेरच्या उष्णतेने वाळतो. नुसतं कमी तापमान लावून उपयोग नाही, हे लक्षात घ्या. थर्मोस्टॅट व्होल्टेज कमी करत नाही, पूर्ण २३० व्होल्टच चालू-बंद करतो, त्यामुळे ओला एलिमेंट ५० अंशांच्या सेटिंगलाही आरसीसीबी उडवणारच.

एक-दोनदा वाळवूनही उडत राहिला तर पुन्हापुन्हा आरसीसीबी वर करत बसू नका. इलेक्ट्रिशियनला ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासायला सांगा. एलिमेंटची दोन्ही टोकं सोडवून, टोक आणि नळी यांच्यामधला रोध मोजायचा. १ मेगाओहमच्या खाली आला तर एलिमेंट बदलायचा. साध्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका, त्याच्या बॅटरीच्या दाबाला ही गळती बऱ्याचदा दिसतच नाही. मल्टिमीटरने तार तुटली आहे का एवढं मात्र कळतं: २३० व्होल्टवर १२०० वॅटचा एलिमेंट साधारण ४४ ओहम दाखवतो, २००० वॅटचा २६ च्या आसपास.

ओव्हन बंद असतानाही आरसीसीबी उडत असेल तर गळती न्यूट्रलच्या बाजूला असू शकते. तेव्हा एका पोलचा (फक्त फेज तोडणारा) एमसीबी खाली पाडून भागत नाही. प्लगच काढावा लागतो, किंवा दोन्ही पोल तोडणारा स्विच लागतो.

जाता जाता वायरिंगही बघून घ्या. ३१०० वॅट म्हणजे १३.५ अँपिअर, तेही तास-दीड तास सलग. स्वतंत्र १६ अँपिअरचं सर्किट आणि किमान २.५ चौरस मिमी तांब्याची वायर हवी. अंतर लांब असेल तर ४. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा मल्टिप्लग अजिबात नको. वापरानंतर प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसण्याइतका गरम किंवा पिनांपाशी तपकिरी झालेला असेल तर सॉकेटमधला स्क्रू सैल आहे, आणि आग लागते ती अशा सांध्यांपासून.

हवा_खेळू_द्या:
पंख्याबद्दल. तो केक भाजणारा पंखा नाही. ओव्हनमध्ये दोन पंखे असतात. एक आत, मागच्या भिंतीवर, गरम हवा फिरवणारा. दुसरा पोकळीच्या वर, बाहेरच्या बाजूला. तो कपाटातली हवा ओढून कंट्रोल बोर्डावरून नेतो आणि पॅनल व दार यांच्यातल्या फटीतून पुढे फेकतो. बंद केल्यावर चालू राहतो तो हा दुसरा. उष्णता उतरली की आपोआप थांबतो. २०० अंशांच्या वापरानंतर वीस मिनिटं अगदी योग्य आहेत, पायरोलिटिकनंतर आणखी बराच वेळ लागेल.

मेन बंद केला तर ओव्हनच्या भिंतींत साठलेली उष्णता वर चढते आणि बोर्ड, नॉब, बाजूचं लॅमिनेट हे सगळं शिजतं. एकदा वीज गेली म्हणून लगेच काही बिघडत नाही, पण रोजची सवय झाली तर बोर्डावरचे कपॅसिटर लवकर मरतात. खरी काळजी उलट परिस्थितीत करायची: पंखा सुरूच होत नसेल किंवा घरघर करत असेल तर ओव्हन वापरू नका. सुरक्षा कटआउट मध्येच गरम होणं बंद करतो आणि लोकांना वाटतं थर्मोस्टॅट गेला.

कपाटही तपासा. ६० सेंमीच्या ओव्हनसाठी कोनाडा आतून ५६ सेंमी रुंद आणि किमान ५५ सेंमी खोल लागतो. ओव्हनच्या मागे प्लायचा पाठा नको. खालच्या फळीच्या मागच्या कडेला ४-५ सेंमीची फट हवी आणि गरम हवेला वर जायला वाट हवी. नेमकी मापं मॉडेलप्रमाणे बदलतात, ती बसवणीच्या पत्रकात असतात. सुताराचा हात "फट वाईट दिसते" म्हणून सिलिकॉन भरायला शिवशिवतो. भरू देऊ नका. लॅमिनेट आणि त्याचा गोंद साधारण ९० अंश सोसणारा हवा, नाहीतर कडा सुटतात. दार उघडल्यावर चौकटीत दिसणारे स्क्रू कपाटात घट्ट आहेत ना तेही पाहा. ते नसतील तर उघड्या दारावर जड ट्रे टेकवताच ओव्हन पुढे कलंडू शकतो.

खरवड_नको:
सफाईचं सांगते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आरसीसीबीचा घोळ मिटवा, मगच पायरोलिटिक. त्यात ओव्हन ४५० ते ५०० अंशांपर्यंत जातो आणि दार आपोआप कुलूपबंद होतं. मध्येच वीज तुटली तर पंखा थांबलेला, दार बंद आणि आत भट्टी, अशी अवस्था होते. तसं झालंच तर दार ओढू नका, वीज आल्यावर आणि पूर्ण थंड झाल्यावर कुलूप सुटतं.

जाड थर असताना थेट लावूही नका. साखर आणि तेलाचा एवढा साठा त्या तापमानाला पेटू शकतो, नाहीतर घर धुराने भरतं. ओव्हन पूर्ण थंड असताना भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात कापड भिजवून तासभर तळावर पसरून ठेवा. मग प्लास्टिकच्या उलथन्याने जेवढं सुटेल तेवढं काढा. उरलेल्यावर तीन भाग खायचा सोडा आणि एक भाग पाणी यांचा लेप रात्रभर. एलिमेंट, दाराचं रबर आणि ॲल्युमिनियमचे भाग वगळा. सकाळी ओल्या कापडाने तीन-चार वेळा पुसा, नाहीतर पांढरी पुटं राहतात. वरून व्हिनेगर ओतून फेस काढायची पद्धत आहे, पण तो फेस म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना निष्प्रभ करत असतात. पुसताना राहिलेली पांढरी पूड विरघळवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

कॉस्टिक सोड्याचा फवारा वापरणार असाल तर हातमोजे आणि चष्मा घालून, थंड ओव्हनवर, खिडकी उघडी ठेवून वापरा. ॲल्युमिनियमला तो खातो. आणि त्याचा अंशही आत राहिलेला असताना पायरोलिटिक लावू नका, त्या तापमानाला तो इनॅमलमध्ये (पत्र्यावरच्या काचेसारख्या लेपात) खड्डे पाडतो. काही ओव्हनना खरखरीत, मंद रंगाची कॅटॅलिटिक (उडालेलं तेल शोषून जाळणारी) पॅनल्स असतात. त्यांना साबण, सोडा, फवारा काहीच लावायचं नाही, त्यांची छिद्रं बुजतात.

पायरोलिटिकच्या आधी जाळ्या, ट्रे, बाजूच्या पट्ट्या, सरकते रेल सगळं बाहेर काढा. काही मॉडेलमध्ये पट्ट्या आत चालतात, पण माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच. नॉनस्टिकचा ट्रे आत राहिला तर त्याच्या लेपातून विषारी धूर निघतो. घरात पक्षी पाळलेले असतील तर ते दुसऱ्या, बंद खोलीत, शक्यतो घराबाहेर ठेवा. पक्ष्यांची फुप्फुसं या धुराला फार नाजूक असतात, थोड्याशा धुरानेही ते दगावतात. चिमणी चालू, खिडकी उघडी, लहान मुलं लांब. शेवटी करडी राख उरते, ती थंड झाल्यावर ओल्या कापडाने पुसली की झालं.

तळाला फॉइल नको. तुमच्यासारख्या ओव्हनमध्ये खालचा एलिमेंट तळाच्या पत्र्याखाली लपलेला असतो. फॉइल उष्णता वर जाऊ देत नाही, पत्रा जागच्या जागी अति तापतो, इनॅमल तडकतं आणि फॉइल त्याला चिकटून बसतं. ट्रे थेट तळावर ठेवण्याचंही तसंच. सांडण्याची भीती असेल तर खालून पहिल्या खाचेत रिकामा ट्रे ठेवा. गरम तळावर वाफेसाठी पाणीही ओतू नका.

काचांसाठी दार काढावं लागतं. दार पूर्ण उघडा, दोन्ही बिजागऱ्यांवरचे खटके पुढे पाडा, मग दार थोडं मिटत आणा. एका ठिकाणी ते अडतं, तिथून दोन्ही हातांनी वर उचला. खटके नीट बसल्याशिवाय उचललं तर बिजागरीची स्प्रिंग झटक्याने मिटते आणि बोटं चेचतात. दार जाड चादरीवर आडवं ठेवा, वरची पट्टी सोडवून काचा सरकवून काढा. प्रत्येक काच कुठल्या क्रमाने आणि कुठली बाजू वर होती याचा फोटो घ्या, कारण काही काचांना उष्णता परतवणारा लेप असतो. पत्ती किंवा तारेची घासणी नको. टेम्पर्ड काचेवरचा ओरखडा दिसायला किरकोळ, पण तापल्यावर तिथूनच पूर्ण काच चुरा होऊन पडते.

ओटा_आणि_कपाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. फंक्शन वेगवेगळी लावून पाहिली. फक्त खालच्या एलिमेंटला उडतो. गोल एलिमेंटवर दोन तास वाळवलं, तरी खालचा लावताच उडाला. बदलून मिळेपर्यंत पंख्याच्या फंक्शनवर भाजलं तर चालेल?

फेज_न्यूट्रल:
चालेल, पण अर्थिंग आणि आरसीसीबी शाबूत असतील तरच. पायरोलिटिक, पिझ्झा आणि झटपट प्रीहीट ही फंक्शन वगळा, त्यांत खालचा एलिमेंटही लागू शकतो. पाककृतीत पंख्याविना तापमान दिलं असेल तर २० अंश कमी लावा.

बदलताना वॅट, व्होल्ट, नळीचा आकार आणि फ्लँजच्या (स्क्रूने बसवायच्या पट्टीच्या) भोकांचं अंतर जुळायला हवं. नुसतं "तसाच दिसतो" म्हणून घेऊ नका, जास्त वॅटचा बसवला तर तळाचं इनॅमल जातं. खालच्या एलिमेंटसाठी बहुतेक वेळा ओव्हन कपाटातून बाहेर ओढावा लागतो. वजन ३५ ते ४५ किलो, त्यामुळे दोन माणसं लागतातच, आणि त्याआधी प्लग काढलेला हवा. टोकांवरच्या पुश-ऑन क्लिपा सैल किंवा काळ्या झाल्या असतील तर त्याही बदलून घ्या, नाहीतर नवा एलिमेंटही तिथेच जळेल.

चाळीस_अंश:
एक राहिलं, धुरावरून. आत खरोखर पेट घेतलाच तर दार उघडू नका. नॉब बंद, मग एमसीबी बंद, आणि दार मिटलेलंच. हवा न मिळाल्याने आग आतच विझते. पाणी तर नाहीच. आग पसरताना दिसली तर घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

नवशिकी_बेकर:
याच धाग्यावर विचारते: वीज जाऊन आल्यावर आमचा ओव्हन तापतच नाही, पॅनलवर ०:०० लुकलुकतं. बोर्ड गेला का?

हवा_खेळू_द्या:
बोर्ड ठीक असावा. बऱ्याच मॉडेलमध्ये घड्याळ लावल्याशिवाय गरम होणं सुरूच होत नाही. घड्याळाचं बटण दाबून धरा, वेळ लावा. तरीही नाही तापला तर टायमर 'ऑटो'वर अडकलाय का बघा, तो हाताच्या चिन्हावर आणला की चालू होतो. किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागलंय, ते बटण काही सेकंद दाबून धरल्यावर निघतं.