मिरजेचा तानपुरा + गिटारचं डिस्टॉर्शन = चिखल?

कृष्णाकाठ: सांगलीत आमच्या हेवी मेटल बँडच्या प्रयोगशील अल्बमचं रेकॉर्डिंग चालू आहे. गिटार ड्रॉप सी शार्प (तारा उतरवून सगळ्यात जाड तार सी शार्पला), तानपुरा काळी एक (म्हणजे सा सी शार्पलाच). दोन्ही एकत्र वाजले की नुसता चिखल. काय चुकतंय?

जवारी: खर्ज (तानपुऱ्याची सगळ्यात खालच्या स्वराची तार) आणि गिटारची जाड तार, दोन्ही साधारण 69 हर्ट्झवर. भांडणारच की! तानपुऱ्याचा 120 हर्ट्झखालचा भाग हाय-पासने (खालचे स्वर कापणाऱ्या फिल्टरने) काढा. खर्ज हरवत नाही, कान त्याच्या उपस्वरांवरूनच तो ओळखतो. कंडेन्सर माइक भोपळ्यासमोर नको, घोडीकडे (तारा जिच्यावर टेकतात तिच्याकडे) रोखून 30 सेंमीवर.

घासून_वाजवा: ईक्यू (असं वरखालचे स्वर कमी-जास्त करणं) नंतर, आधी रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) बघा राव. तानपुऱ्यातून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, त्यामुळे कोमल गंधारावर रेंगाळलात की घासणार. सा-प ची पॉवर कॉर्ड धरा, कोमल गंधार नुसता स्पर्शापुरता. तारा कितीच्या? 9 चा सेट (सगळ्यात बारीक तार 0.009 इंच) इतका उतरवला की ढिला पडतो आणि जोरात मारला की स्वर चढतो. 11-54 घ्या.

कृष्णाकाठ: 9 चाच आहे 😅 माइकही भोपळ्यासमोर. घोडीवर तारांखालचे जवारीचे दोरे काढू का?

जवारी: अजिबात नको, रयाच जाईल! केसभर सरकवून झंकार थोडा दाबा. तारा मात्र दर टेकआधी लावा.