डायनोच्या कागदावरचे 28 घोडे: किती ट्यूनरचे, किती मे महिन्याचे?

संत्रा_टर्बो
गाडी पोलो, एक लिटर टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल. कंपनीचा आकडा 110 पीएस, म्हणजे 110 घोडे. डिसेंबरात एका सकाळी, जशी शोरूममधून आली तशीच डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायचं मशीन) चढवली. चाकांवर भरले 93. मग मे महिन्यात रीमॅप (ट्यूनर इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंग्ज बदलून ताकद वाढवतो ते) करून घेतलं. तेच गॅरेज, तेच रोलर, तोच चौथा गिअर, आणि कागदावर 121. गॅरेजवाल्या भाऊंनी दोन्ही कागद बोनेटवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "घ्या, 28 वाढले." मी पैसे दिले, ऑफिसात पेढेही वाटले.

काल रात्री कागद पुन्हा काढले. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात करेक्शन फॅक्टर छापलाय, म्हणजे हवामानाच्या हिशोबानं मोजलेली ताकद ज्या आकड्यानं गुणतात तो. डिसेंबरच्या कागदावर 1.00, मेच्या कागदावर 1.08. म्हणजे मशीननं रोलरवर मोजले 112 आणि वरचे 9 गुणाकारातून आले.

गॅरेजवाले खोटं बोलले असं माझं म्हणणं नाही, मशीनही ठीक असेल. पण पाच महिन्यांच्या अंतरानं घेतलेले दोन आकडे एकमेकांतून वजा करायचे आणि त्याला "वाढ" म्हणायचं, हे मला पटत नाही. आधीचं आणि नंतरचं एकाच दिवशी मोजलं नसेल तर वाढीचा आकडा सांगूच नये. बोला.

धरमपेठकर
नाही पटलं. करेक्शन म्हणजे काही पावडर-लाली नव्हे, ते असतं नेमकं यासाठीच. एसएई जे 1349 नावाचं मानक आहे. त्यात गृहीत धरलेली हवा 25 अंशांची आणि कोरड्या हवेचा दाब 990 मिलिबार. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर. मेच्या दुपारी इथला दाब 970 मिलिबारच्या आसपास असतो, आणि त्यातून बाष्पाचा वाटा वजा करायचा. वरून 44 अंश. डिसेंबरच्या 15 अंशांतल्या हवेपेक्षा ही हवा उष्णतेमुळेच एक दशांश विरळ होते. प्रत्येक घोटात इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळाला तर ताकद कमीच निघणार. मी सूत्रात हे आकडे घालून पाहिले. मेचा 1.08 येतो, डिसेंबरचा 1.00. तुझा कागद प्रामाणिक आहे.

उलट तू कच्चे आकडे वजा केलेस (112 उणे 93, म्हणजे 19) तर तो ट्यूनरवर अन्याय. बिचाऱ्यानं भट्टीत गाडी पळवून दाखवली, आणि तू तिची तुलना थंडीतल्या गाडीशी करतोयस.

वाडीचा_पाना
धरमपेठकर भाऊ, सूत्र बरोबर आहे, गाडी चुकीची आहे. हा गुणाकार साध्या इंजिनाला चपखल बसते, टर्बो नसलेल्या. त्याला बाहेरची हवा जशी भेटली तशी प्यावी लागते. टर्बो हवा दाबून इंजिनात भरते, अन् ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ठरवून दिलेलं असते की मॅनिफोल्डमधे, म्हणजे हवा आत जायच्या नळीत, एवढा दाब पाहिजे. बाहेर दाब कमी झाला तर तो टर्बोला अजून जोरात फिरवते अन् तेवढा दाब आणून देते. म्हणजे जे नुकसान झालंच नाही त्याची भरपाई तुमचं सूत्र देऊन राहिलं.

उष्णतेचा मार टर्बोलाही बसते, ते मान्य. हवा तापली की ईसीयू ठिणगी मागे ओढते (उशिरा पाडते), नाहीतर नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके. पण तो मार किती, ते प्रत्येक गाडीचं वेगळं. एकाच आकड्यानं गुणून नाही भागत.

संत्रा भाऊ, एक सांगा. मेमधे गाडीसमोर काय होतं? ब्लोअर का कूलर?

संत्रा_टर्बो
अरे! कूलर होता. घरासारखाच मोठा लोखंडी, नवीन वाळा भरलेला. सगळं गॅरेज वाळ्याच्या वासानं भरलं होतं. मला वाटलं, गाडीची काय सोय केलीय! फोटो आहे माझ्याकडे. त्यात मशीनचं तापमान मोजायचं डबडं मागच्या भिंतीवर दिसतंय, थेट टिनाखाली.

वाडीचा_पाना
झालं मग. इंजिन 30-32 ची ओली हवा पिऊन राहिलं अन् मशीन टिनाखालच्या 44 चा हिशोब लावून राहिलं. कूलरच्या हवेत बाष्प जास्त, तेवढा ऑक्सिजन कमी, म्हणून थोडं नुकसानही होते. पण थंडाव्याचा फायदा त्याच्याहून जास्त. सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशी पाहिजे. भिंतीवर असला तर तो गॅरेजचं तापमान सांगते, गाडीचं नाही.

तर्री_जास्त
मी कागदाचा फोटो पाहिला. टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) आणि पॉवरची रेषा 5252 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) एकमेकींना छेदतच नाही. दोन्ही रेषा 5252 ला भेटल्याच पाहिजेत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कागद फोटोशॉपचा आहे बे.

धरमपेठकर
तर्री, घाई करू नकोस. 5252 हा आकडा पाउंड-फूट आणि हॉर्सपॉवरचा. जेम्स वॅटनं एका घोड्याला मिनिटाला 33,000 फूट-पाउंड काम लावून दिलं, त्याला दोन पायनं भागलं की 5252 येतो. याच्या कागदावर टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि पॉवर पीएसमध्ये आहे. तिथे भागाकार 7023 नं होतो. रेषा भेटायच्या तर 7023 आरपीएमला भेटतील, आणि हे इंजिन तिथवर जातच नाही.

पडताळायचंच असेल तर कोणताही एक बिंदू घे. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 7023. कागदावरच्या पॉवरशी जुळलं तर निदान छापणाऱ्यानं गणित तरी खरं केलंय.

तर्री_जास्त
जुळलं. माघार.

हिंगणा_डिझेल
एवढा खटाटोप कशाला? माझी जुनी स्विफ्ट डिझेल, 75 पीएस आणि 190 न्यूटन-मीटरवाली. रीमॅपच्या आधी आणि नंतर, तिसऱ्या गिअरात 60 ते 100 किती सेकंदात, ते फोनच्या जीपीएसवर मोजलं. फरक कळला. खर्च फक्त डिझेलचा. डायनो म्हणजे गाडीला आयसीयूत ठेवून तिची चाल मोजण्यासारखं आहे.

धरमपेठकर
आणि वारा? उतार? गाडीत बसलेला मित्र? अर्धी टाकी की भरलेली? एकच दिशा धरलीस तर वाऱ्याला रीमॅपचं श्रेय मिळेल. दोन्ही दिशांनी चार-चार वेळा धावून सरासरी काढलीस तर बोलू. आणि वेगमर्यादा सोडून प्रयोग नको, रस्त्यावर बाकीचे लोकही असतात.

हिंगणा_डिझेल
दोन्ही दिशांनी केलं होतं भाऊ. आऊटर रिंग रोडवर, सकाळी साडेपाचला, एकटाच. तुम्ही काहून समोरच्याला बावळटच समजता?

धरमपेठकर
बरोबर. शब्द मागे.

मानेवाडा_नवीन
मूर्ख प्रश्न असेल. कंपनी 110 म्हणते आणि चाकांवर 93. मधले 17 कुठे गेले?

वाडीचा_पाना
गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग, अन् रोलरवर दबलेला टायर. कंपनी इंजिनावर मोजते, डायनो चाकावर. लोक 15 टक्के जोडून इंजिनाची ताकद सांगतात, पण तो अंदाज आहे, नियम नाही. पट्टे जास्त आवळले, टायरात हवा कमी भरली, तरी आकडा हलते. म्हणून चाकावरचा आकडा चाकावरच राहू द्या.

सदर_ताई
मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कोणी वाचलंय का? उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी बदलण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये कडक भूमिका घेतली आहे. विम्याचं काय, ते आपापली पॉलिसी वाचून ठरवा.

तर्री_जास्त
ताई, धागा मोजण्याबद्दल आहे.

सदर_ताई
हो ना. आणि मोजल्याचा कागद तुम्ही स्वतःच जपून ठेवताय, तारीख आणि गाडीच्या नंबरासकट.

संत्रा_टर्बो
(आठ दिवसांनी)
पुन्हा गेलो. गॅरेजवाल्यांना सरळ सांगितलं की शंका आहे. रागावले नाहीत, हे आधी नोंदवतो. एका बसण्यात सगळं केलं. कूलर बंद, समोर मोठा ब्लोअर, सेन्सर फिल्टरच्या तोंडाशी बांधला, टायरची हवा एकदाच भरली. आधी जुना मॅप, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंग्ज, परत टाकला. दोन धावा काढल्या, कच्चा आकडा 90. मग लॅपटॉप लावून रीमॅप: 111. थोडं थांबून दुसरी धाव 109. न थांबता लगेच तिसरी, तर 105.

करेक्शन पुन्हा 1.08. म्हणजे कच्चा फरक 21, करेक्शन लावून 23 च्या आत-बाहेर. कागदावर होते 28.

धरमपेठकर
छान केलंस. म्हणजे 23. माझ्या सूत्रानं काही बिघडवलेलं नाही, दोन्ही बाजूंना सारखंच लागलं.

वाडीचा_पाना
जरा थांबा. जुना मॅप, तीच गाडी. डिसेंबरात 93. आता 90 गुणिले 1.08, म्हणजे 97. गाडीत एक स्क्रू नाही बदलला अन् चार घोडे जास्त. ते कुठून आले? गाडीचं खरं नुकसान तीनच टक्के झालं होतं, तुम्ही आठची भरपाई दिली. मेच्या 112 वर ती जास्तीची पाच टक्के म्हणजे पाचेक घोडे. 28 मधले तेवढे इथूनच फुगले.

धरमपेठकर
हे मान्य करावं लागेल. या गाडीला ऋतू बदलून तुलना करताना ते जास्त देतं. पण म्हणून करेक्शन फेकून द्यायचं नाही. टर्बो नसलेल्या गाडीवाल्याला मी आजही हेच सांगेन की कच्चे आकडे डिसेंबर-मे असे वजा करू नकोस, फसशील.

हिंगणा_डिझेल
म्हणजे दोघंही बरोबर. पोहे कोण देणार?

वाडीचा_पाना
मला 111 पेक्षा ते 105 महत्त्वाचं वाटते. या इंजिनात इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा निववणारा) पाण्याचा, इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला. ते पाणी एकदा तापलं की लवकर निवत नाही. तीन धावांत सहा गेले. वर्धा रोडवर दुपारी दोनला ओव्हरटेक करताना तुम्हाला 105 वालीच गाडी भेटणार, फ्रेम करून ठेवलेली 111 वाली नाही.

अन् सर्वात वरचा आकडा सोडा, पूर्ण रेषा टाका इथे. 5200 आरपीएमवर काय आहे त्याचं व्हरायटी चौकात काय करता? सिग्नल सुटल्यावर 2000 ला किती वाढलं ते पाहू.

संत्रा_टर्बो
रेषा टाकली आहे. 2000 ला 14 न्यूटन-मीटर वाढलेत, 3000 ला 38. 1700 च्या खाली दोन्ही रेषा एकावर एक, काहीच फरक नाही.

वाडीचा_पाना
1700 खाली टर्बोच जागा होत नाही, तिथे रीमॅप काय करणार. 3000 चे 38 मस्त आहेत. त्याचे पैसे दिले असतील तर वाया नाही गेले.

धरमपेठकर
डिसेंबरात दोन्ही मॅप पुन्हा चढव. तेव्हा फॅक्टर 1.00 च्या आसपास असेल, गुणाकाराचं भांडणच उरणार नाही. फरक 21 आला की 23, ते तेव्हा बघू. मी येतो सोबत.

संत्रा_टर्बो
ठरलं. सकाळी सातला, गाडी थंड असताना. तीन नाही, पाच धावा काढू.